दोन अंगठे आणि 'दोऱ्या'

ताई, नमस्कार.

माझं वय ३४. नऊ वर्षं गोदामातल्या मालाचे हिशेब सांभाळतोय. दीड वर्षापासून रात्री जागून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. गेल्या महिन्यात डेव्हलपर लोकांच्या एका ऑनलाइन समुदायात खातं उघडलं. तिथे नव्यांनी आधी आपली ओळख करून द्यायची असते. चार रात्री खपून मी ती लिहिली : शिक्षण, नोकरी, पाच कोर्स, येणाऱ्या भाषा, पुढची ध्येयं, आणि शेवटी 'अगदी नवखा आहे, चुकलो तर सांभाळून घ्या'. एका एआय टूलकडून भाषाही साफ करून घेतली. सर्टिफिकेटांच्या तीन लिंक जोडल्या तर 'नव्या सदस्याला दोनच लिंक टाकता येतात' म्हणून पोस्ट अडली. दारातच कुणी खिसे तपासावेत तसं वाटलं. एक लिंक काढून टाकली पोस्ट. दोन अंगठे आले, बाकी सामसूम. माझ्या खालीच एकाने चार ओळी लिहिल्या होत्या, फाइलींच्या नावातलं ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल धरू की चार मार्च, असं काहीतरी. त्याला चौदा रिप्लाय!

या वयात आलो म्हणून असं झालं का? नवखेपण लपवायला हवं होतं का? ती पोस्ट उडवून नवी टाकू? की तिथल्या एखाद्या जाणत्याला खासगीत मेसेज करू? सध्या नुसता वाचतो, लिहायचा धीर होत नाही. पोस्ट सोबत जोडली आहे.

जाता जाता : दोन नोंदवह्यांतल्या मालाच्या याद्या जुळवणारा छोटासा प्रोग्राम लिहितोय. 'दोऱ्या' हा शब्द दोन्हीकडे डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसतो, पण प्रोग्राम म्हणतो, वेगळा आहे. लांबी मोजली तर एकीकडे ६ येते, एकीकडे ७. आठ दिवस त्यातच गेले. पण असल्या गोष्टीत कुणाला काय रस!

– दोन अंगठ्यांचा धनी

•

प्रिय धनी,

तुमच्या पत्रातला सगळ्यात जिवंत परिच्छेद तुम्ही 'जाता जाता' म्हणून शेवटी ढकललात. आणि ओळखीच्या पोस्टमध्ये तर त्याचा मागमूसही नाही. मी ती दोनदा वाचली, तेव्हा कुठे खात्री पटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

पोस्टचं पहिलंच वाक्य बघा. 'मी एक उत्साही, ध्येयनिष्ठ आणि सतत नवं शिकण्याची ऊर्मी बाळगणारा तंत्रज्ञानप्रेमी आहे.' यात नऊ वर्षं गोदाम सांभाळणारा माणूस मला कुठे दिसेना. पुढच्या वीस ओळींत कोर्सांची नावं आहेत आणि ध्येयं आहेत. आता हे वाचणाऱ्याच्या जागी स्वतःला बसवा. जेवणाच्या सुट्टीत त्याने पान उघडलंय, मनात आहे की कुणा नव्याला दोन शब्द लिहावेत. काय लिहील बिचारा? 'अरे वा, पाच कोर्स!'? 'शुभेच्छा'? तो अंगठा दाबतो आणि पुढे जातो. तो अंगठा मनापासूनचा असतो हो, फक्त त्या मजकुराला त्याहून जास्त काही देता येण्यासारखं नसतं. तुमच्या वयाचा यात काही संबंध नाही. ते तुम्ही स्वतःहून सांगितलं नसतंत तर कुणाला कळलंही नसतं.

उलट तो तारखांवाला. तारखांनी न पोळलेला प्रोग्रामर मला अजून भेटायचाय. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहा म्हणून सांगणारं आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ सालचं आहे, तरी आजही लोक ०३-०४ लिहून मोकळे होतात आणि पुढचा माणूस रात्रभर डोकं धरून बसतो. त्याने चार ओळींत ती दुखरी नस दाबली. चौदा जण धावले ते जितके त्याच्यासाठी, तितकेच स्वतःची रड सांगायलाही धावले असणार.

एक जुनं उदाहरण सांगते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या चर्चामंचावर, एक संदेश टाकला. आशय असा : मी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, निव्वळ हौसेखातर, फार मोठी काही व्हायची नाही. माझ्याकडे आहे त्या प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज दुसरं काही तिच्यावर बहुधा चालणारही नाही. मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय खटकतं, ते सांगा. तो विद्यार्थी म्हणजे लिनस टोरवाल्ड्स आणि ती हौस म्हणजे लिनक्स, हे तुम्ही ओळखलं असेलच. संदेशात कॉलेजचे गुण नाहीत की ध्येयं नाहीत. हातात काय आहे, ते कुठे तोकडं पडतंय आणि तुमचं मत काय, एवढंच. आणि तो काही त्याचा तिथला पहिला शब्दही नव्हता. जुलैच्या सुरुवातीला त्याने तिथेच पोसिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच्या मानकाचा मसुदा कुठे मिळेल असा एक रुक्ष प्रश्न विचारला होता. म्हणजे ऑगस्टात जो बोलला तो जुलैत येऊन दार वाजवून गेला होता.

आता तुमच्या 'दोऱ्या'कडे येते. खरं सांगायचं तर तुमचं पत्र बाजूला ठेवून मी आधी तेच करून बघितलं. सहा आणि सात हे आकडे वाचल्यावर राहवेना.

दोऱ्या, पायऱ्या, कुऱ्हाड या शब्दांत जो आडवा, पापणीसारखा अर्धा र येतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या क्रमांकांनी अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट : नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलंत. दुसरी : साधा र, हलंत, आणि त्याच्यामागे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक चिन्ह, ज्याला रुंदीच नाही. डोळ्यांना दिसत नाही, पण मोजणीत येतं. अक्षर, मात्रा, हलंत असं प्रत्येक चिन्ह वेगळा घटक धरलं, तर पहिल्या वाटेने 'दोऱ्या' सहा घटकांचा होतो, दुसऱ्या वाटेने सातांचा. काही कीबोर्ड एक वाट धरतात, काही दुसरी. पडद्यावर दोन्हींचं चित्र एकच, आणि प्रोग्राम चित्र बघत नाही. तुम्ही कदाचित ते अदृश्य चिन्ह नुसतं उडवून बघाल. बघू नका असं मी म्हणणार नाही, बघाच. लांबी दोन्हीकडे सहा येईल, शब्द तरीही जुळणार नाहीत, आणि पडद्यावर 'दोर्या' असं डोक्यावर रफार घेतलेलं काहीतरी विचित्र उमटेल. कारण तिथे मुळात र वेगळा आहे. चिन्ह उडवण्याऐवजी 'र, हलंत, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलंत' ही जोडी ठेवायची.

तुमच्या ओळखीची पोस्ट यातच पडलेली आहे. मी लिहिली असती तर साधारण अशी :

'नमस्कार. नऊ वर्षं गोदामाचे हिशेब ठेवतोय, दीड वर्षापासून पायथॉन शिकतोय. मालाच्या दोन याद्या जुळवताना "दोऱ्या" हा शब्द सारखा दिसूनही जुळत नव्हता. लांबी मोजली तर ६ आणि ७. कारण सापडलं : एकात ऱ आणि हलंत, दुसऱ्यात र, हलंत आणि अदृश्य जॉइनर. दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करून काम भागवलंय. देवनागरीत असे सारखे दिसणारे पण वेगळे साठवले जाणारे आणखी कोणते जोड तुम्हाला भेटलेत?'

झालं. आता काय होईल तेही सांगते. कुणीतरी लगेच म्हणेल, अहो युनिकोड नॉर्मलायझेशन करा, म्हणजे समतुल्य रूपं एकसारखी करून घ्या, एका ओळीचं काम आहे. तुम्ही करून बघाल आणि सांगाल की या जोडीला त्याने काही फरक पडत नाही, युनिकोडच्या लेखी हे दोन समतुल्य नाहीतच. मग तिसरा येईल, दुसऱ्याला दुरुस्त करेल. चौथी व्यक्ती दुसऱ्याच कुठल्या तरी लिपीतलं असंच दुखणं घेऊन येईल. या सगळ्यांच्या मध्ये तुम्ही असाल, आणि तुम्हाला कुणी 'तुमचा परिचय?' असं विचारणार नाही.

तुमची मूळ वीस ओळींची पोस्ट म्हणजे नमनाला घडाभर तेल झालं होतं. कोर्सांची यादी प्रोफाइलमध्ये टाका. ज्याला हवी तो तिथे जाऊन बघेल.

नवखेपणाबद्दल. लपवू नका आणि मिरवूही नका. 'दीड वर्षापासून शिकतोय' एवढं एकदा सांगितलं की वाचणाऱ्याला उत्तर कुठल्या पायरीवरून द्यायचं ते कळतं, आणि त्या माहितीचा उपयोग तेवढाच. 'सांभाळून घ्या' म्हटलं की समोरच्याला आधी तुमची समजूत काढावी लागते, मग कोडबद्दल बोलता येतं. लपवण्याचा प्रताप मी स्वतः केलेला आहे. सोळा वर्षांपूर्वी एका मेलिंग लिस्टवर मी माझी ओळख दिली तेव्हा येणाऱ्या म्हणून सात भाषा लिहिल्या होत्या. त्यातल्या पाचव्या भाषेत माझी मजल पडद्यावर एक ओळ छापण्यापुढे गेलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका भल्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, अरे वा, मग हिच्यातल्या मेमरी व्यवस्थापनाचा एक प्रश्न आमचा अडलाय, बघता का? मी तीन आठवडे त्या लिस्टवर तोंड दाखवलं नाही. त्यांनी काही मनात ठेवलं नव्हतं, बहुतेक विसरूनही गेले होते. मी मात्र अजून विसरले नाही.

दोन लिंकांच्या अटीने तुम्हाला अपमान वाटला. साहजिक आहे, पण तो तुमचा अपमान नव्हता. डिस्कोर्स नावाचं एक सॉफ्टवेअर बरेच समुदाय वापरतात, तुमचाही बहुधा त्यावरच आहे. त्याची मूळ मांडणीच अशी की नव्या खात्याला एका पोस्टमध्ये दोनच लिंक. पाच विषय उघडले, तीस पोस्ट वाचल्या आणि सगळं मिळून दहा मिनिटं वाचनात घालवली की खातं आपोआप पुढच्या पायरीवर जातं. मी चार वर्षं एका समुदायात मॉडरेटर होते. ओळखीचा धागा ही जाहिरातबाजांची लाडकी जागा. 'नमस्कार, मला कोडिंगची आवड आहे' आणि खाली लिंक औषधांच्या दुकानाची. सकाळी चहाच्या आधी मी अशा दहाबारा झाडून काढायचे. तुमच्या पोस्टमध्ये तीन लिंक होत्या आणि कोडची एक ओळ नव्हती, तेव्हा यंत्राला दोष तरी काय द्यायचा!

त्यात एआयने घासूनपुसून दिलेली भाषा. त्या भाषेची आता इतकी सवय झाली आहे की 'ऊर्मी बाळगणारा' वाचलं की डोळे आपोआप खालच्या पोस्टवर जातात. व्याकरण तपासून घ्यायला माझी हरकत नाही, विशेषतः समुदाय इंग्रजीत चालत असेल तर. पण आधी स्वतः लिहा, छोट्या वाक्यांत, मोडकंतोडकं का होईना. दीड वर्षं तुम्ही एरर मेसेज वाचताय, तेवढी इंग्रजी पुरते.

नुसतं वाचत बसल्याची खंत करू नका. युजनेटच्या, म्हणजे त्या जुन्या न्यूजग्रुपांच्या जाळ्याच्या, काळात दर सप्टेंबरात विद्यापीठांतून नवी मुलं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, मग रुळायची. १९९३ पासून नव्यांचा ओघ बारमाही झाला आणि जुने लोक म्हणू लागले, हा सप्टेंबर काही आता संपत नाही. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या तेव्हापासूनच्या. ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या आरएफसी १८५५ या इंटरनेटवरच्या शिष्टाचारांच्या दस्तऐवजात तर साफ लिहिलंय की काही लिहिण्याआधी एक ते दोन महिने नुसतं वाचा. मला आज ते फार वाटतं, आठवडा पुरे. पण तुमचा महिना वाया गेलेला नाही, हे लक्षात घ्या. शिवाय वेबसाइटींच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ हिशेब आहे : अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळा मजकूर उरलेला एकटा लिहितो. दोन अंगठे दिसले म्हणजे दोघांनीच वाचलं असं नव्हे.

जुनी पोस्ट उडवू नका. राहू दे तिथेच, कुणी तिच्याकडे परत बघणार नाही. नवी मात्र ओळखीच्या धाग्यात टाकू नका. पायथॉनचा किंवा मजकूर-प्रक्रियेचा विभाग असेल, तिथे प्रश्न म्हणून टाका. पहिलं वाक्य ओळखीचं, बाकी सगळं कामाचं. जागेजागेची रीत वेगळी असते, तेही बघून घ्या. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर नमस्कार-चमत्काराला जागाच नाही, 'हाय' आणि 'आगाऊ आभार' लिहिलेत तर कुणीतरी येऊन ते खोडून जाईल, आणि त्यात राग मानायचा नसतो. चॅटवर चालणाऱ्या समुदायात याच्या उलटी चूक होते. नुसतं 'हॅलो' टाकून लोक वाट बघत बसतात, किंवा 'इथे कुणाला पायथॉन येतं का?' म्हणून विचारतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. सगळा प्रश्न एका दमात लिहून मोकळं व्हावं.

जाणत्याला खासगीत मेसेज? नको. त्याला दिवसाला असे किती येतात याची तुम्हाला कल्पना नाही. शिवाय तो चुकला तर खासगीत त्याला दुरुस्त करायला कुणी नसतं, आणि त्याचं उत्तर बरोबर असलं तर पुढच्या 'दोऱ्या'वाल्याला ते सापडत नाही.

एका बाबतीत मात्र कडक राहा. तुमच्या मालकाच्या खऱ्या याद्या, भाव, पुरवठादारांची नावं यांतलं काहीही पोस्टमध्ये जाता कामा नये. प्रश्नापुरती दोन खोट्या ओळींची यादी तयार करा, त्यात 'दोऱ्या' दोन्ही तऱ्हेने लिहा. स्क्रीनशॉट टाकू नका. एक तर त्यातलं अक्षर कुणाला कॉपी करून तपासता येत नाही आणि तुमचा सगळा प्रश्न त्या अक्षराचाच आहे. दुसरं, कोपऱ्यात उघडं राहिलेलं मेलचं पान आपल्या लक्षात येत नाही, दुसऱ्यांच्या बरोबर येतं. फोन नंबर, कंपनीचं नाव, वय, यांची कुणालाही गरज नाही. टोपणनाव चालतं. 'दोन अंगठ्यांचा धनी' तर छानच आहे, तेच ठेवा.

उत्तरं आली की दुसऱ्या दिवशी परत जाऊन काय केलंत आणि काय चाललं ते लिहा. न चाललेलंही लिहा. बहुतेक नवे इथेच गायब होतात. उत्तर मिळालं की गेले. मॉडरेटर असताना मला नावं लक्षात राहायची ती परत येऊन 'झालं' म्हणून सांगणाऱ्यांची.

तुमची,
ताई

ता. क. मालाच्या यादीत 'ॲल्युमिनियम' असेल तर त्याचीही लांबी दोन्हीकडे मोजून बघा. तो ॲ एका घटकाचाही असतो, आणि अ वर चंद्र काढून दोन घटकांचाही.